धुराचा रंग ओळखा, मगच पाना हाती घ्या

१ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारी बंदी संपत आली की देवगड, सर्जेकोट, मालवण, वेंगुर्ले या साऱ्या किनाऱ्यावर नौकांची डागडुजी सुरू होते. जाळी दुरुस्त होतात, लाकडाला रंग लागतो. इंजिन मात्र ‘सुरू झाले ना, मग ठीक आहे’ एवढ्यावर सोडून दिले जाते. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांची चूल या जुन्या डिझेल इंजिनांवर पेटते. भर समुद्रात ते बंद पडले, तर कमाई जातेच, शिवाय खलाशांचा जीवही टांगणीला लागतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा जोराने दाबली जाते, ती तापते आणि नोझलमधून बारीक फवाऱ्याने आलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये हे यंत्र यशस्वी करून दाखवले. पुरेशी हवा, पुरेसा दाब आणि योग्य वेळी योग्य फवारा, या तिन्हींपैकी एक बिघडले की धूर दिसू लागतो.

काळा धूर : डिझेल जास्त, हवा कमी. आधी एअर क्लीनर पाहावा. तो स्वच्छ असेल तर इंजिनावर जादा भार आहे का ते बघावे. पंख्यात दोरी किंवा जाळे अडकले असेल, नौकेच्या तळाला शेवाळ व शिंपले चिकटले असतील, तरीही धूर काळा येतो. त्यानंतर नोझलची तपासणी.

पांढरा धूर : सकाळी थंड इंजिनातून थोडा वेळ आला तर काळजी नको. इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि डोळ्यांना झोंबला, तर ते न जळलेले डिझेल समजावे. दोष नोझलचा, पंपाच्या टायमिंगचा किंवा कमी झालेल्या दाबाचा असतो. धूर झोंबत नाही, वाफेसारखा चटकन विरतो आणि थंड करणारे पाणी कमी होत जाते, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. ज्या नौकांत हे पाणी सायलेन्सरमधूनच बाहेर पडते, तिथे थोडी वाफ दिसणारच.

निळसर धूर : इंजिन ऑइल जळते आहे. ऑइल खुणेपेक्षा जास्त भरलेले नाही ना, हे आधी पाहावे. तसे नसेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेले असतात.

इंजिन धडधडते, ‘मिसिंग’ करते, तेव्हा पहिला संशय डिझेलवर घ्यावा. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी दमट हवेने घाम धरते, तळाशी पाणी साचते आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर जंतूंचा बुळबुळीत थर वाढतो. तो फिल्टर चोंदवतो. म्हणून बंदीच्या काळात टाकी भरलेली ठेवावी आणि सुरुवातीला तळाचे पाणी काढावे. नळीत एअर धरली असेल तर स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारावा.

तरीही इंजिन अडखळले, तर मिस्त्री मंद गतीवर एकेका नोझलच्या पाइपची नट किंचित सैल करून पाहतात. आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतो आहे. काहीच फरक पडला नाही तर दोष तिथेच आहे. हे काम जाणकारानेच करावे. दाबाखालच्या डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते, म्हणून गळती बोटाने कधीच शोधू नये.

वर्गात ज्वलन शिकवताना आम्ही मुलांना सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झाले ते लिहून ठेवा. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी इंजिनाची एक वही घातली, तर अब्बांचे काम किती हलके होईल! धुराचा रंग, तो इंजिन थंड असताना आला की तापल्यावर, ऑइल किती लागले, फिल्टर केव्हा बदलला, एवढ्या चार नोंदी पुरेत. वही समोर असली की मिस्त्रीलाही अंदाजाने इंजिन उघडावे लागत नाही. साध्या फिल्टरने जे सुटले असते, त्यासाठी रिंगा-गॅस्केटचा खर्च पडत नाही.

आणखी एक गोष्ट. डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे. त्यात असलेल्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. म्हणून सायलेन्सरची गळती केबिनमध्ये येत असेल, तर ती बुजवल्याशिवाय कुणी तिथे झोपू नये. १ ऑगस्टला नौका पाण्यात जाण्याआधी हे एक काम सगळ्यात पहिले उरकावे.