मनामातला सर्व्हर पुण्यातून का दिसत नाही?

मनामातल्या एखाद्या मराठी व्यावसायिकाने कार्यालयातच सर्व्हर ठेवलेला असतो. वेबसाइट तिथल्या सगळ्या संगणकांवर झटकन उघडते, पुण्यातल्या भावाला मात्र ती दिसतच नाही. राउटर बंद-चालू करण्याआधी भावाला फोनवर विचारावं: नकार लगेच आला, चक्र बराच वेळ फिरून थांबलं, की पडद्यावर एखादा आकडा आला?

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आलं, तर विनंती कुठल्या तरी यंत्रापर्यंत पोहोचली. तिथे त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्रॅम नाही, किंवा फायरवॉलने स्पष्ट नकार दिला. ‘टाइम आउट’ झालं, तर बहुधा फायरवॉलने पॅकेट काही न कळवता टाकून दिलं, नाहीतर उत्तराची परतीची वाट चुकली. ५०२ किंवा ५०४ दिसलं, तर ते मोठंच शुभवर्तमान. बाहेरून तुमच्या प्रॉक्सीपर्यंतचा, म्हणजे सर्व्हरच्या पुढे राहून विनंत्या घेणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंतचा, रस्ता मोकळा आहे. बिघाड प्रॉक्सी आणि तिच्यामागच्या सर्व्हरच्या मध्ये आहे. ५०२ म्हणजे मागून धड उत्तर आलं नाही, ५०४ म्हणजे ते वेळेत आलं नाही. अशा वेळी फायरवॉलचे नियम सैल करत सुटणं व्यर्थ तर आहेच, धोक्याचंही आहे. फक्त भाऊ स्वतःच्या ऑफिसच्या प्रॉक्सीमागून बघत नाही ना, याची खात्री करावी. तो आकडा तिकडचाही असू शकतो. मोबाइल डेटावरून पाहायला सांगितलं की शंका मिटते.

मग तपास आतून बाहेर न्यावा. आधी सर्व्हरवरच पान मागून पाहावं आणि प्रोग्रॅम कोणत्या पत्त्यावर ऐकतोय ते बघावं. १२७.०.०.१ असेल तर तो फक्त त्याच यंत्राशी बोलतो. प्रॉक्सी त्याच यंत्रावर असेल तर हे योग्यच; ती दुसऱ्या यंत्रावर असेल तर तिला सर्व्हर दिसणारच नाही. त्यानंतर प्रॉक्सीच्या यंत्रावरून तेच पान मागावं, मग राउटरचं पोर्ट फॉरवर्डिंग तपासावं. ४४३ हे पोर्ट ज्या अंतर्गत पत्त्याकडे वळवलं आहे, तो पत्ता प्रॉक्सीकडे आजही आहे का? पत्ते आपोआप वाटले जात असतील तर तो बदललेला असू शकतो.

इथे खूप जण फसतात ते चाचणीच्या जागेमुळे. बरेच राउटर आतून आलेली विनंती स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावरून परत आत वळवत नाहीत. त्यामुळे ऑफिसच्या वाय-फायवरून सार्वजनिक पत्ता उघडला नाही, तरी बाहेरून साइट व्यवस्थित चालू असू शकते.

राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगवर वेळ घालवू नका. हा पट्टा २०१२ मध्ये सेवादात्यांसाठी राखून ठेवला गेला. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जातो. बटेल्को, एसटीसी, झैन, ज्यांची जोडणी असेल त्यांच्याकडे स्वतंत्र स्थिर पत्ता मागावा, किंवा आतून बाहेर जाणारा टनेल बांधावा. माझ्या मते जोडणी घेतानाच हे विचारलेलं उत्तम.

तरीही ‘टाइम आउट’ असेल, तर प्रॉक्सीच्या यंत्रावर येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टीसीपीडंप चालवून भावाला पान उघडायला सांगावं. लॉग जुळवताना पुण्याचं घड्याळ मनामाच्या अडीच तास पुढे आहे, हे ध्यानात ठेवावं. पॅकेट आलंच नाही, तर ते वाटेत अडलं. आलं, उत्तरही निघालं, पण भावाकडे पोहोचलं नाही, तर परतीचा मार्ग पाहावा. ऑफिसात दोन इंटरनेट जोडण्या असल्या की विनंती एकीने येते आणि उत्तर दुसरीने निघून जातं. क्लाउडमध्येही हे घडतं. ॲमेझॉनचं बहरीन केंद्र २०१९ मध्ये सुरू झालं. तिथला सिक्युरिटी ग्रुप आत आलेली जोडणी लक्षात ठेवून उत्तर जाऊ देतो, नेटवर्क एसीएल मात्र लक्षात ठेवत नाही. तिथे नियम आवळले असतील तर उत्तरासाठी १०२४ ते ६५५३५ ही पोर्टं बाहेर जाण्यासाठी वेगळी उघडावी लागतात.

साइट दिसू लागली की ८० नंबरचं पोर्ट अनावश्यक समजून बंद करण्याचा मोह होतो. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र एचटीटीपी पडताळणीने घेतलं असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी ती संस्था याच पोर्टवर येऊन बघते.