विश्लेषण : चालकाची डुलकी यंत्राला आधी कशी कळते?

मुंबई-पुण्याकडून रात्री निघालेला ट्रक पहाटे केडगावजवळ बाह्यवळण रस्त्याला लागतो. वेग ताशी ८० किलोमीटर असेल आणि चालकाचे डोळे तीन सेकंद मिटले, तर तेवढ्यात ट्रक सुमारे ६६ मीटर पुढे गेलेला असतो.

शरीर कोणते इशारे देते?

डुलकी अचानक लागल्यासारखी वाटते, पण शरीर आधीपासून सांगत असते. पापण्या सावकाश मिटतात, उशिरा उघडतात. ठरावीक वेळेतला किती वेळ पापण्या ८० टक्के किंवा त्याहून जास्त मिटलेल्या होत्या, या मापाला ‘पर्क्लोस’ म्हणतात. हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतराची लय बदलते. मेंदूत सेकंदाला ४ ते ७ आवर्तनांच्या संथ ‘थीटा’ लहरी वाढतात. माणसाच्या मेंदूलहरी जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये प्रथम नोंदवल्या.

यातले वापरण्याजोगे काय?

मेंदूलहरींतून झोपेची चाहूल चांगली लागते. पण डोक्याला तारा लावून रोज क्रेन किंवा ट्रक कोण चालवणार? म्हणून चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा किंवा मनगटावरचा पट्टा सोयीचा ठरतो. मात्र काळ्या चष्म्याने कॅमेरा चकू शकतो. उकाडा, ताण आणि चहानेही नाडी बदलते. त्यामुळे एकाच संकेतावर विसंबणे धोक्याचे असते.

रेल्वेत काय होते?

लोको पायलटने साधारण मिनिटभर कोणतीही क्रिया केली नाही, तर इंजिनातील दक्षता यंत्र आधी दिवा आणि मग भोंग्याने इशारा देते. तरीही प्रतिसाद नसेल, तर ब्रेक लागतात. पण हे यंत्र हाताची हालचाल पाहते, मेंदूची जाग नाही. सवयीने, अर्धवट झोपेतही बटण दाबले जाऊ शकते. शारीरिक संकेतांची गरज इथेच भासते.

इशारा वाजल्यावर पुढे काय?

खरा प्रश्न हाच आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ नुसार दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असा सर्वसाधारण नियम २०२५ पर्यंत होता. माल वेळेत पोहोचवण्याचा तगादा असेल, तर चालक भोंगा बंद करून पुढेच जाईल. नोंदीवरून पगार कापला जाणार असेल, तर तो कॅमेराच झाकेल. यंत्र झोप ओळखते, झोप देत नाही. इशाऱ्यानंतर गाडी बाजूला घ्यायला सुरक्षित जागा आणि मालकाची मुभा असेल, तरच त्याचा उपयोग.