बिंदुजालकातील देवनागरी

ठिपक्यांनी घडविलेल्या अक्षरांचा उगम सौंदर्यदृष्टीत नसून यंत्राच्या मर्यादेत आहे. दिव्यांचा फलक असो वा तारांच्या टोकांनी शाईची फीत कागदावर ठोकणारा डॉट मॅट्रिक्स मुद्रक असो, ठरावीक जागी ठिपका उमटविणे किंवा न उमटविणे एवढेच त्याच्या हाती असते. जुन्या संगणकयुगाचे स्मरण करून देणारे प्रदर्शनी अक्षरसंच आज हीच मर्यादा अलंकार म्हणून स्वीकारतात. सक्तीची मर्यादा अशी ऐच्छिक झाली, म्हणजे तिचे परीक्षण लिपीच्या बाजूने होणे अगत्याचे ठरते.

रोमन लिपीसाठी पाच स्तंभ व सात ओळींचे जालक रूढ आहे. त्यातील ३५ ठिपक्यांपासून ३,४३५ कोटींहून अधिक आकृत्या संभवतात. उणीव आहे ती आकृत्यांच्या संख्येची नव्हे, तर दृष्टीला परस्परांपासून निश्चितपणे भिन्न वाटणाऱ्या आकृत्यांची. रोमन मोठी अक्षरे या चौकटीत सुखाने बसतात. लहान ‘जी’, ‘पी’, ‘वाय’ यांची आधाररेषेखाली उतरणारी शेपटे मात्र तीत मावत नाहीत. एप्सनच्या एमएक्स-८० या मुद्रकातील नऊ तारांच्या उभ्या रांगेने ती सोय केली.

देवनागरीची रचना मुळातच तीन थरांची आहे. मध्ये शिरोरेखेसह अक्षराचा देह, वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार, खाली उकार व ऋकार. देहाला आठ ओळी दिल्या आणि वरखाली प्रत्येकी तीन-चार ओळी राखल्या, तर जालकाची उंची सोळा ओळींपर्यंत सहज जाते. तेवढी उंची नाकारली, की पहिला आघात अर्थभेदक अवयवांवर होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद बहुतांशी शिरोरेखेच्या डाव्या टोकाशी साठलेला असतो. तेथील खंड एका ठिपक्याने बुजला, तर ‘धन’ व ‘घन’, ‘भरण’ व ‘मरण’ यांतील अंतर नाहीसे होते. जोडाक्षरांना जागा नसल्यास पाय मोडून काम भागते. पण मग ‘विद्या’ लिहिताना ‘द’ व ‘य’ अलग पडतात आणि वाचकाच्या परिचयाची आकृती हरपते.

यंत्रासाठी लिपी वाकविण्याचा प्रयत्न नवा नाही. १९५३ च्या लखनौ परिषदेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याची सूचना झाली. ती टिकली नाही. पुढे यंत्रेच बदलली आणि वेलांटी आपल्या जागी राहिली.

यावरून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. देवनागरी बिंदु-अक्षरसंचाची आखणी रोमन चौकटीपासून नव्हे, तर लिपीतील भेदक अवयवांच्या गणनेपासून सुरू व्हावयास हवी. ध्वनिविचारात स्वनिमांची निश्चिती ज्या लघुतम युग्मांनी होते, तशीच युग्मे येथेही कसोटी म्हणून वापरता येतात. त्या कसोटीस उतरलेला ठिपका आवश्यक. उरलेले ठिपके शोभेचे.