पाहुणी बुरशी आणि तिची हद्द

विदर्भात आंब्याच्या जुन्या फांद्यांवर रास्ना वाढलेली दिसते. पुष्कळजण तिला बांडगूळ समजतात. प्रत्यक्षात ती झाडाचा रस शोषत नाही. फांदीचा केवळ आधार घेते. ही ऑर्किड कुळातील वनस्पती. या कुळातील बी धुळीसारखे बारीक असते आणि त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतोच. मग अंकुराला पोसते कोण? बुरशी! निसर्गात ऑर्किडचे बी बुरशीच्या मदतीने रुजते, हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांच्या १८९९ सालापासूनच्या कामामुळे कळले.

पण घरात घेतलेली बुरशी सारे घरच खाऊन टाकणार नाही का? बर्नार यांनी जमिनीत वाढणाऱ्या ऑर्किडच्या कंदाचे तुकडे बुरशीच्या संवर्धनात ठेवले. बुरशी तुकड्यापासून काही अंतरावरच थांबली. उष्णता देऊन मारलेल्या तुकड्यांजवळ मात्र ती थांबली नाही. म्हणजे हे काम जिवंत पेशींचे होते. बर्नार १९११ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षीच वारले. पुढे १९५०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये एर्न्स्ट गॉयमान आणि सहकाऱ्यांनी असा एक पदार्थ वेगळा केला. त्याचे नाव ऑर्किनॉल. निरोगी कंदात तो जवळजवळ आढळत नाही. बुरशी शिरू लागली की तयार होतो. मुळांत बुरशीला मुभा, कंदात मात्र बंदी!

संसर्गानंतर बनणाऱ्या अशा पदार्थांना फायटोअलेक्झिन म्हणतात. वनस्पतींना आपल्यासारखी रक्तातून फिरणारी प्रतिपिंडे नसतात. जेथे हल्ला होतो, तेथील पेशींनाच प्रथम लढावे लागते.

वाशीम जिल्ह्यातील शिक्षकांना याचे उदाहरण खरिपात गावाच्या शिवारातच मिळेल. सोयाबीनच्या पेशी ग्लायसिओलिन नावाचे फायटोअलेक्झिन बनवतात. रोगजंतूच्या पेशीभित्तिकेचे तुकडे ही त्यांच्यासाठी धोक्याची सूचना असते. रोगाला बळी पडणाऱ्या वाणातही हा पदार्थ बनू शकतो. पण तो उशिरा किंवा अपुरा बनला, तर तोवर रोग पसरलेला असतो. म्हणून वाण निवडताना रोगप्रतिकारकता पाहायची.

पेरणीपूर्वी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतात, तीही बुरशीच. ती रोगकारक बुरशीला रोखते, शिवाय रोपाची स्वतःची संरक्षणव्यवस्थाही जागी करू शकते. 'बुरशी म्हणजे रोग' हे पाठ झालेले समीकरण वर्गात तपासून पाहण्यासाठी आपल्याला याहून जवळचे उदाहरण कोणते हवे?