फायबरच्या गाडीचा तडा

पत्र्याच्या मोटारीला धक्का बसला की पोचा पडतो. कारागीर तो आतून ठोकून बाहेर काढतो आणि पत्रा फाटलाच असेल तर वेल्डिंग करतो. पोलाद वाकते आणि पुरेसे तापवले तर वितळते, म्हणून हे जमते. फायबरग्लासच्या गाडीला पोचा पडत नाही. तिचा पृष्ठभाग एका मर्यादेपर्यंत लवतो, मग तडकतो. तापवला तर वितळत नाही, जळतो. अशा तड्यात लांबी भरून वर रंग मारला तर तो दिसेनासा होतो खरा, पण काही महिन्यांत त्याच जागी पुन्हा उमटतो. असे का होते? आणि जाणकार कारागीर तडा भरण्याऐवजी आधी तो घासून चांगला तळहाताएवढा रुंद का करतो?

फायबरग्लासच्या गाड्यांचा प्रश्न जास्त येतो तो अमेरिकेत. शेव्हरोले कॉर्व्हेट ही गाडी १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये लोकांपुढे आली आणि त्या वर्षी मिशिगनमधील फ्लिंट येथे तिच्या ३०० गाड्या तयार झाल्या. पोलादी पत्र्यासाठी लागणारे अवजड साचे बनवण्याचा वेळ आणि खर्च त्यामुळे वाचला. आपल्याकडे बंगळूरला १९८०च्या दशकात तयार झालेली सिपानी डॉल्फिन हीदेखील फायबरच्याच अंगाची होती. अशा जुन्या गाड्या जपणारे लोक आजही आहेत, आणि त्यांच्या कामाच्या पद्धती कोकणातल्या फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्यांपेक्षा फारशा वेगळ्या नाहीत.

आता या पदार्थाकडे पाहू. त्यात दोन घटक असतात : काचेचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन. काच ठिसूळ असते, मग ती बळकटीसाठी कशी वापरतात, असे विद्यार्थी हमखास विचारतात. याचे उत्तर ग्रिफिथ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सापडते. काच मोडते ती तिच्यावरच्या सूक्ष्म चिरांमुळे. काचेचा तंतू जितका बारीक ओढावा तितकी मोठी चीर त्यात मावतच नाही, आणि त्याची ताकद जाड काचेच्या कित्येक पट होते. फायबरग्लासमधले तंतू साधारण १० ते २० मायक्रोमीटर जाडीचे, म्हणजे आपल्या केसापेक्षा बरेच बारीक असतात. ताण सोसतात ते हे तंतू. रेझिनचे काम एका तंतूवरचा भार शेजारच्या तंतूकडे पोचवण्याचे.

तडा गेला म्हणजे हे तंतू तुटले. (केवळ वरच्या रंगात किंवा त्याखालच्या रेझिनच्या थरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात, ती गोष्ट वेगळी. रंग खरवडून पाहिल्याशिवाय निदान करू नये.) तुटलेल्या जागी लांबी भरली तर तिथे तंतू नाहीतच, नुसते ठिसूळ रेझिन आणि भुकटी आहे. शिवाय तिला धरायला जागा तरी किती? पत्रा ३ मिलिमीटर जाड असेल, तर तड्याच्या दर मिलिमीटर लांबीला फक्त ३ चौरस मिलिमीटर.

थोडे गणित करून पाहू. सुट्या तंतूंच्या मॅटपासून बनवलेला फायबरग्लास दर चौरस मिलिमीटरला सुमारे ९० न्यूटन ताण सोसतो. म्हणजे ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा दर मिलिमीटर रुंदीला सुमारे २७० न्यूटन सोसेल. नव्या थराची जुन्यावरची पकड घसरण्याच्या दिशेने दर चौरस मिलिमीटरला ८ न्यूटन धरली, तर तेवढे बल वाहून नेण्यास सुमारे ३४ मिलिमीटर लांबीचा सांधा हवा. होड्या बांधणारे लोक जाडीच्या १२ पट लांब उतार ठेवतात : ३ मिलिमीटरला ३६. मोटारीच्या अंगावर भार कमी असतो, म्हणून प्रत्येक बाजूला २५ मिलिमीटरही चालून जातात. कारागीर तडा रुंद का करतो याचे कारण हेच. तड्याच्या रेषेवर जाडी जवळजवळ शून्य आणि दोन्ही बाजूंना हळूहळू पूर्ण जाडी, असा उथळ खळगा तो घासून तयार करतो. उतारामुळे भार एका रेषेवर न साचता सबंध सांध्यावर पसरतो.

घासण्याआधी आणखी एक काम असते : तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचे भोक पाडणे. तडा बुजवायचा असताना भोके कशाला, असे वाटेल. पण तडा पुढे सरकतो तो त्याच्या अणकुचीदार टोकामुळे. इंग्लिस यांनी १९१३ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार टोकापाशी ताण १ + २√(a/r) पट होतो. A म्हणजे तड्याची निम्मी लांबी आणि r म्हणजे टोकाची त्रिज्या. तडा ४० मिलिमीटर लांब आणि टोकाची त्रिज्या ०.०१ मिलिमीटर असेल तर ताण सुमारे ९० पट येतो. भोकामुळे त्रिज्या १.५ मिलिमीटर झाली की तो ८-९ पटींवर उतरतो. फायबरग्लाससारख्या मिश्र पदार्थाला हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा तीच. वर्गात जिलेटीन कागदाच्या पट्टीला कडेपासून ब्लेडने चीर द्या आणि ओढा. दुसऱ्या पट्टीवर चिरेच्या टोकाला पंचिंग मशीनने स्वच्छ भोक पाडून ओढा. फरक हाताला जाणवतो.

आता रसायनाकडे. नेहमीचे रेझिन म्हणजे स्टायरिनमध्ये विरघळवलेले असंपृक्त पॉलिएस्टर. त्यात वजनाच्या १ ते २ टक्के मिथिल इथिल कीटोन पेरॉक्साइड घालतात. दुकानात याला ‘कॅटलिस्ट’ म्हणतात, पण ते खरे उत्प्रेरक नव्हे. ते या क्रियेत खर्ची पडते. त्याचे विघटन होऊन मुक्त मूलके तयार होतात आणि ती स्टायरिन व पॉलिएस्टरमधल्या दुहेरी बंधांची साखळी जोडत जातात. अखेर सगळे मिळून एकच त्रिमितीय जाळे बनते, म्हणूनच ते पुन्हा वितळत नाही. जुन्या पत्र्यात मोकळे दुहेरी बंध फारच थोडे उरलेले असतात. त्यामुळे नवे रेझिन जुन्याशी रासायनिक रीतीने क्वचितच जोडले जाते. ते मुख्यतः खडबडीत पृष्ठभागाला धरून राहते. म्हणून जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून अॅसिटोनने पुसायची. रंग काढायला रासायनिक द्रव वापरू नये, तो रेझिनमध्येही मुरतो.

एक पथ्य मी मुद्दाम सांगतो, कारण शाळेच्या प्रकल्पांतही हे रेझिन वापरले जाते. आपल्याकडे कोबाल्टचा त्वरक बऱ्याचदा वेगळ्या बाटलीत मिळतो. तो आणि पेरॉक्साइड एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचे, नंतरच पेरॉक्साइड. पेरॉक्साइडचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावायचा, आणि तरीही थेंब उडाला तर तत्काळ वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे डोळा धुऊन डॉक्टरांकडे जायचे. घासताना उडणाऱ्या काचेच्या भुकटीसाठी मास्क हवा आणि स्टायरिनच्या वाफांसाठी मोकळी हवा. हे काम विद्यार्थ्यांनी एकट्याने करू नये.

पुढचे काम सोपे आहे. तड्याच्या आतल्या बाजूलाही घासून मॅटचा आधार द्यायचा आणि मग बाहेरचा खळगा भरायचा. दर चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट वजनाच्या दुपटीहून थोडे अधिक रेझिन पिते आणि सुमारे १ मिलिमीटर जाडी देते. म्हणजे ३ मिलिमीटरला तीन थर. प्रत्येक थरातली हवा रोलरने दाबून काढायची. मगमध्ये उरलेले रेझिन धूर सोडण्याइतके तापते आणि पत्र्यावरचे तेच रेझिन मात्र जेमतेम कोमट होते, हे विद्यार्थ्यांना दाखवण्याजोगे आहे : क्षेत्रफळ आणि आकारमान यांचे गुणोत्तर. वरचा पृष्ठभाग चिकट राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन मुक्त मूलकांना पकडतो. त्यावर पॉलिएस्टरची फिल्म अंथरली की प्रश्न सुटतो.

१९७०च्या दशकापासूनच्या कॉर्व्हेटचे पत्रे साच्यात उष्णतेने दाबून बनवतात. त्यांत भरणद्रव्ये बरीच असतात आणि साध्या पॉलिएस्टरची पकड त्यांच्यावर नीट बसत नाही. तिथे इपॉक्सी वापरतात. पण मॅटमधले तंतू बांधणारा चिकट पदार्थ स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. म्हणून इपॉक्सीबरोबर विणलेले काचेचे कापड घ्यावे लागते.

इतके करूनही तडा परत आला, तर दोष बहुधा सांध्यात नसतो. सैल बिजागरी, अति आवळलेला बोल्ट किंवा चौकटीची वाकलेली पट्टी तिथे ताण देत असते. ते आधी तपासावे. रंगाची घाईही करू नये. रेझिन कडक झाल्यावरही काही दिवस त्याची जोडणी चालूच राहते आणि ते किंचित आकसते. चार-आठ दिवस उन्हात ठेवून मग शेवटचे घासले, तर रंगाखालून ठिगळाची कड उमटत नाही.