‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असं आपण का म्हणतो?

‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे स्कूटर आहे’, ‘तिला ताप आहे’, ‘खोलीला एकच खिडकी आहे’. इंग्रजीत या चारही वाक्यांना एकच क्रियापद पुरतं : हॅव. मराठीत त्याच्या जोडीचं क्रियापदच नाही. आपल्याकडे वस्तू नुसती ‘असते’. ती कोणाची आणि कशी, हे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं सांगतात. संस्कृतची आणि रशियनची रीतही हीच. इंग्रजी ‘हॅव’ मात्र पकडणं, धरणं या अर्थाच्या प्राचीन धातूतून आलं. म्हणून तिथे माणूस कर्ता होतो आणि भाऊ, स्कूटर, ताप ही सगळी त्याची कर्मं.

मराठी इथे फार बारकाईनं बोलते. ‘मला भाऊ आहे’ हे नातं झालं; ‘माझ्याकडे भाऊ आहे’ म्हटलं, तर तो सध्या आपल्या घरी राहायला आलाय. छत्री ‘माझ्याजवळ’ असली तर ती आत्ता पिशवीत आहे. ‘माझ्याकडे’ असली तर घरीही असू शकते. म्हणून शाळेतलं ‘हॅव म्हणजे जवळ असणे’ हे पाठांतर मला अपुरं वाटतं. ताप काही कोणी ‘जवळ आहे’ म्हणत नाही, मग त्या वाक्यात मुलांना हॅव सुचावं कसं?

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’चं मूळ, माझ्या मते, दोन ठिकाणी आहे. मनातल्या ‘आहे’साठी आधी ‘ॲम’ येतं, मग हॅवची आठवण होते. शिवाय ‘आय ॲम हॅविंग लंच’ हे बरोबर वाक्य कानांवर पडलेलं असतं. पण तिथे हॅव म्हणजे जेवणं, चालू असलेली क्रिया. भाऊ असणं ही स्थिती आहे, तिला ‘इंग’ चालत नाही. ही लकब मराठी माणसापुरती नाही, देशभर ऐकू येते. मुंबईच्या मराठीभाषक बेने इस्रायल या ज्यू समाजात जन्मलेले कवी निसीम इझिकेल यांनी ‘इंग’नं भरलेली ही भारतीय इंग्रजी थेट कवितेत आणली.

गंमत पुढे आहे. ‘आय हॅव ईटन’ म्हणजे ‘मी जेवलो आहे’. हॅव सहायक झालं, तरी मराठीत उत्तर ‘आहे’च! ‘आय हॅव टु गो’ला मात्र ‘मला जायचं आहे’ पुरत नाही, कारण त्यात नुसती इच्छाही असू शकते. तिथे ‘मला जावं लागणार आहे’ हवं. वर्गात फळ्यावर आधी अशी मराठी वाक्यं लिहावीत, त्यातला प्रत्येक ‘आहे’ मुलांना तपासायला लावावा आणि मगच इंग्रजीकडे वळावं.