पाणी आटलं म्हणून बदकं गेली का?

फेब्रुवारीत गोंदिया जिल्ह्यातल्या इटियाडोह धरणावर एक चक्कर मारा. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर हे धरण आहे. हिवाळ्यात या भागातल्या तलावांवर तलवार बदकांसारखे उत्तरेकडचे पाहुणे उतरतात. एप्रिल संपेपर्यंत बहुतेक सगळे निघून गेलेले असतात. त्याच दिवसांत उन्हाळी धानाला पाणी सुटतं, ऊन चढतं, धरणाची पातळी खाली जाते.

मग कारण उघड आहे, नाही का? माझ्या संशोधन आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात मी तसंच लिहिलं होतं: ‘पाणी व अन्न कमी झाल्यामुळे पक्षी परततात.’ मार्गदर्शकांनी समासात एकच प्रश्न लिहिला: ‘पाणी उतरलं नसतं, तर थांबले असते का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आराखडा पुन्हा पहिल्यापासून लिहावा लागला. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

अडचण अशी, की वसंतात बऱ्याच गोष्टी एकदमच बदलतात. पाणी घटतं, उष्णता वाढते आणि दिवसही मोठा होतो. इटियाडोहला डिसेंबरच्या अखेरीस दिवस साधारण ११ तासांचा असतो, मार्चच्या अखेरीस १२ तासांच्या थोडा वर जातो. नुसतं निरीक्षण करून यातलं खरं कारण कोणतं, हे वेगळं काढता येत नाही.

ते वेगळं काढलं विल्यम रोवन यांनी. १९२०च्या दशकात कॅनडातल्या एडमंटन इथे त्यांनी जुंको नावाचे छोटे पक्षी ऐन हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले. काही पिंजऱ्यांत विजेचे दिवे लावून ‘दिवस’ रोज थोडा थोडा लांबवला. थंडी सगळ्यांना सारखीच, फरक फक्त उजेडाचा. दिव्याखालच्या पक्ष्यांची प्रजननग्रंथी कडाक्याच्या थंडीतही वसंतातल्यासारखी वाढली. बाकीच्यांची नाही. म्हणजे ऋतूची वर्दी ऊब देत नाही, उजेड देतो.

आज आपल्याला माहीत आहे, की पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. दिवस लांबला की संप्रेरकं बदलतात, पक्षी अधाशासारखं खातो, अंगावर चरबी चढते. निघायची वेळ जवळ आली की पिंजऱ्यातला पक्षीसुद्धा रात्री अस्वस्थ होऊन फडफडतो. ऋतू उजेड ठरवतो. नेमका दिवस मात्र वारा, हवामान आणि साठलेली चरबी यांवर पुढेमागे होतो.

पण हे झालं ‘कसं’. ‘का’ अजून बाकीच आहे. अर्न्स्ट मायर यांनी १९६१च्या एका लेखात हाच घोळ सोडवला. त्यांच्या उन्हाळी घराजवळचा एक छोटा पक्षी २५ ऑगस्टच्या रात्री दक्षिणेकडे का निघाला, असं विचारून त्यांनी चार कारणं दिली आणि त्यांचे दोन गट केले: लगतची कारणं आणि मूळ कारणं. आपल्या बदकांचं लगतचं कारण म्हणजे उजेड आणि संप्रेरकं. मूळ कारण हजारो पिढ्यांचं आहे. उत्तरेत उन्हाळ्याचे दिवस खूप लांब, कीटक आणि कोवळं गवत भरपूर, घरट्याला मोकळी जागा. तिथे जाऊन वीण घालणाऱ्यांची पिल्लं जास्त जगली, म्हणून जाण्याची ओढ टिकली.

मग पाण्याचं काय? ते महत्त्वाचं आहेच, पण दुसऱ्या प्रश्नात. तलाव भरलेला ठेवला म्हणून बदकं थांबणार नाहीत. पण काठावरचा उथळ, चिखलाचा चाऱ्याचा पट्टा गेला, तर ती उपाशी निघतील. इथे कमी साठलेल्या चरबीचा फटका वाटेत बसतो आणि तिकडच्या विणीलाही. त्यामुळे ‘कधी गेली?’ एवढंच नोंदवू नका, ‘जाण्याआधी काय आणि किती खात होती?’ हेही नोंदवा. संवर्धनाचा निर्णय बऱ्याचदा या दुसऱ्या नोंदीवर ठरतो.

आता तुमचा आराखडा काढा. त्यातलं ‘मुळे’ असलेलं प्रत्येक वाक्य अधोरेखित करा आणि विचारा: हे लगतचं कारण की मूळ? आणि ही एकच गोष्ट बदलली नसती, तर काय दिसलं असतं? उत्तर सुचत नसेल, तर प्रयोग तिथूनच सुरू होतो.